ट्यूबचा आकडा बरोबर, तरी सॅच्युरेशन का चढेना? एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) या चुका टाळा

कमी दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बाळाची श्वासनलिका असते जेमतेम तीन-चार सेंटीमीटरची. मोठ्या पेशंटमध्ये श्वास देण्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली ट्यूब सेंटीमीटरभर आत गेली तर सहसा निभावतं. इथे तेवढ्यात एक फुप्फुस बंद पडतं. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि रेसिडेंट मंडळींच्या बऱ्याचशा चुका या अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरच्याच असतात.

ट्यूब किती आत घालायची याचं ‘किलोतलं वजन अधिक सहा’ हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. एक किलोला ओठाशी ७, दोनला ८, तीनला ९ सेंटीमीटर. पण बाळ ७५० ग्रॅमच्या खालचं असलं की हे सूत्र ट्यूब फार आत नेतं. २४ आठवड्यांच्या बाळाला साधारण साडेपाच सेंटीमीटर पुरतात, सूत्र मात्र साडेसहाच्या आसपास सांगतं. त्यापेक्षा गर्भवयाचा तक्ता ट्रॉलीवरच चिकटवून ठेवा. किंवा नाकाच्या मधल्या पडद्यापासून कानाच्या ट्रॅगसपर्यंतचं (कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्यापर्यंतचं) अंतर मोजा आणि त्यात एक सेंटीमीटर मिळवा.

ट्यूब खोल गेली की बहुधा उजव्या बाजूला शिरते, कारण उजवा ब्राँकस (फुप्फुसात जाणारी श्वासनलिकेची शाखा) जास्त सरळ उतरतो. डावीकडे आवाज कमी येतो, छाती एकाच बाजूने उचलते, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) अडकून बसतं. अशा वेळी अनेकांचा हात आधी ऑक्सिजनच्या नॉबकडे जातो. चूक इथेच होते. आधी दोन्ही काखांत स्टेथोस्कोप लावा. इतक्या लहान छातीत पुढून ऐकलं तर एका बाजूचा आवाज दुसरीकडेही येतो. आणि अशा ट्यूबमधून सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) दिलंत तर ते जवळजवळ सगळं उजव्या फुप्फुसात जाईल, म्हणून खोलीची खात्री सर्फॅक्टंटच्या आधी.

आता एक्स-रे. माझ्या मते सर्वांत जास्त फसगत इथे होते. हनुवटी जिकडे, टोक तिकडे: मान पुढे वाकली की ट्यूब आत सरकते, मागे गेली की वर येते. टेक्निशियन घाईत असतो, सिस्टर पाय धरते, डोकं कोणीच धरत नाही. हनुवटी छातीला टेकलेल्या त्या फिल्मवर ट्यूब खोल दिसते, कोणीतरी अर्धा सेंटीमीटर ओढतं आणि तासाभरात मान मागे गेली की ट्यूब बाहेर! मान मध्यात ठेवूनच फिल्म काढा. टोक पहिल्या-दुसऱ्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्याच्या पातळीवर हवं. नोंदही पूर्ण करा: ‘ट्यूब ३.०, ओठाशी ७, एक्स-रेला मान मध्यात’.

ट्यूबमध्ये वाफ दिसली म्हणजे ती श्वासनलिकेतच आहे, असं नाही. सीओटू डिटेक्टर (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं उपकरण) जांभळ्याचा पिवळा व्हायला हवा आणि हृदयाचे ठोके वाढायला हवेत. रंग बदलला नाही तर ट्यूब अन्ननलिकेत गेली असेल असं धरून लॅरिंगोस्कोपने (घशात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने) पुन्हा पाहा. ठोके अगदीच मंद असतील तर ट्यूब योग्य जागी असूनही रंग बदलत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

साइझबद्दल थोडक्यात: ट्यूबचा आतला व्यास एक किलोखाली २.५ मिलिमीटर, एक ते दोन किलोला ३.०, त्यावर ३.५. मोठी ट्यूब जोराने बसवू नका, स्वरयंत्राखाली इजा होते. लाळेने ओलं झालेलं प्लास्टर एकटीने बदलू नका. एकीने ट्यूब धरायची, दुसरीने चिकटवायचं.

सॅच्युरेशन अचानक कोसळलं तर व्हेंटिलेटरच्या सेटिंगशी खेळत बसू नका. बाळाला यंत्रावरून काढा, टी-पीस (ठरावीक दाबाने हवा देणारं उपकरण) किंवा अँबूने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्या आणि क्रमाने पाहा: ट्यूब सरकली का, तुंबली का, न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठली आहे का (अंधार करून छातीला कोल्ड लाइट, म्हणजे न तापणारा दिवा लावा), यंत्र बिघडलं का. सक्शनचा कॅथेटर (स्राव ओढून घ्यायची बारीक नळी) ट्यूबच्या टोकापलीकडे नेऊ नका.

अँबू दाबताना हात हलका ठेवा. एका श्वासाला किलोमागे ४ ते ६ मिली, म्हणजे किलोच्या बाळाला चहाच्या चमच्याइतकी हवा. घाबरून जोरात दाबलेले पहिले काही श्वासच नाजूक फुप्फुसाला ताणतात. ऑक्सिजन देतानाही सॅच्युरेशन ९० ते ९५ पुरे. १०० दिसावं हा हट्ट डोळ्यांच्या पडद्याला महागात पडतो.

आणि बाळ स्वतः श्वास घेत असेल तर आधी सीपॅप (ट्यूब न घालता नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणं). सर्फॅक्टंट लागलंच तर, हात बसलेला माणूस असेल तिथे, ते बारीक कॅथेटरनेही देता येतं. ट्यूब घातलेली असेल तर रोजच्या राउंडला विचारा: कॅफीन (बाळाला श्वास घ्यायला चालना देणारं औषध) सुरू आहे ना, आणि आज ट्यूब काढता येईल का?