पांढरं जातंय आणि वास येतोय? बीव्हीच्या बाबतीत या चुका टाळा

खाज फारशी नाही, दुखत नाही, पण पातळ, करडट-पांढरा स्राव जातोय आणि त्याला मासळीसारखा वास आहे. पाळीच्या दिवसांत आणि संबंधांनंतर तो वास जास्तच जाणवतो. अशा वेळी बहुतेक बायका आधी न्हाणीघर गाठतात, मग केमिस्ट, आणि अगदीच आवरेना तेव्हा डॉक्टर. हा क्रमच उलटा आहे.

या त्रासाचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, डॉक्टरांच्या बोलण्यात 'बीव्ही'. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात. त्यांची संख्या घटली की गार्डनेरेला आणि तसे इतर जिवाणू माजतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि वास सुरू होतो. वीर्य आणि पाळीचं रक्त आम्लता आणखी कमी करतं, म्हणून त्या वेळी वास भडकतो. बीव्ही म्हणजे अस्वच्छता नव्हे. हे ठासून सांगावं लागतं, कारण पहिली चूक याच गैरसमजातून होते.

आतून धुणं

तुरटीचं पाणी, त्रिफळ्याचा काढा, कडुनिंबाचा पाला उकळून, कुणी जंतुनाशकाचे चार थेंब टाकून, कुणी साबणाने. हेतू चांगला, परिणाम उलटा. आतून धुतल्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. वास एक-दोन दिवस दबतो, परत येतो, मग बाई आणखी जोरात धुते. योनी आतून स्वतःला साफ ठेवते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला की पुरे. 'पीएच संतुलित' म्हणून विकले जाणारे वॉश फक्त बाहेरून वापरायचे असतात. त्यांनी बीव्ही बरा होत नाही, जाहिरातीतली बाई कितीही ताजीतवानी दिसो.

सगळं 'पांढरं' एकच समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव प्रत्येक बाईला असतो. पाळीच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो, गरोदरपणात वाढतो. 'पांढरं गेलं की हाडं झिजतात' असं आपल्याकडे आजही सांगतात. त्यात तथ्य नाही. अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासावं.

आता बिघाडाकडे. खाज प्रचंड, स्राव घट्ट, दह्याच्या गुठळ्यांसारखा आणि वास जवळजवळ नाही, तर बहुधा बुरशीचा म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग. फेसाळ, पिवळट-हिरवा, दुर्गंधी आणि आग, तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग असू शकतो. तो संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदाराचाही उपचार करावाच लागतो. बुरशीचं औषध बाकी दोन्हींपेक्षा वेगळं. बुरशीचं क्रीम बीव्हीवर चालत नाही आणि बीव्हीची गोळी बुरशीवर चालत नाही. तरी मेडिकलमध्ये 'पांढरं जातंय' म्हटलं की अॅझिथ्रोमायसिन, सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असा एकत्र किट हातात पडतो. एखादी गोळी लागूही पडते, पण नेमकं काय होतं ते कळत नाही, आणि दोन महिन्यांनी परत झालं की पुन्हा तोच किट.

खरं तर निदान फार खर्चिक नाही. १९८३ पासून वापरात असलेल्या अॅम्सेलच्या निकषांत चार गोष्टी बघतात: एकसारखा पातळ स्राव, पीएच ४.५ पेक्षा जास्त, स्रावात पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर येणारा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी वेढलेल्या पेशी, म्हणजे 'क्ल्यू सेल्स'. चारांपैकी तीन जुळल्या की बीव्ही. तपासणीच्या आदल्या दिवशी आत काही धुऊ नका, क्रीम किंवा कॅप्सूल ठेवू नका. नाहीतर नमुन्यात काहीच नीट दिसणार नाही.

बीव्ही असलेल्या अनेक बायकांना काहीच त्रास नसतो. पॅप स्मियरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये उल्लेख आला, पण तक्रार शून्य आणि तुम्ही गरोदर नाही, तर बहुतेकदा औषधाची गरज नसते. उलट पाळी गेलेल्या बाईला दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव होत असेल तर घरी अंदाज बांधू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आधी व्हायला हवी.

वास गेला की गोळ्या बंद

बीव्हीवरचं नेहमीचं अँटिबायोटिक म्हणजे मेट्रोनिडॅझोल. त्याचा नेहमीचा कोर्स ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. वास बहुधा दोन-तीन दिवसांत जातो आणि उरलेली पट्टी कपाटात जाते. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, हे खरं आहे. गोळी जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. तरीही झेपत नसेल तर मेट्रोनिडॅझोलचं जेल ५ रात्री किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम ७ रात्री आत लावायचं असतं. डॉक्टरांकडे तसं मागा, मनाने कोर्स तोडू नका. क्लिंडामायसिन क्रीममधल्या तेलाने कंडोम कमकुवत होतो, त्यामुळे उपचारात आणि नंतर काही दिवस त्यावर विसंबू नका. कोर्स संपल्यावर नव्याने खाज सुटली तर बीव्ही परत आला असं लगेच धरू नका. अँटिबायोटिकनंतर बुरशी वाढणं नेहमीचंच आहे.

दही, लसूण आणि बोरिक अॅसिड

दही खा, भरपूर खा. आत लावू नका. विरजणातले जिवाणू वेगळ्या जातीचे, ते योनीत ठाण मांडत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो मुख्यतः लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत अँटिबायोटिकनंतर हाच जिवाणू योनीत सोडला, तेव्हा १२ आठवड्यांत बीव्ही परतण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. पण दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक प्रोबायोटिक कॅप्सूलला हा निष्कर्ष लावता येत नाही. लसणीची पाकळी आणि व्हिनेगर यांनी आतली त्वचा भाजते, एवढंच.

बोरिक अॅसिडचं प्रकरण वेगळं. वारंवार होणाऱ्या बीव्हीत डॉक्टर ते योनीत ठेवायच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून कधीकधी देतात. पोटात गेलं तर ते विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही. कॅरमबोर्डवर टाकायची पावडर भरून घरी कॅप्सूल करण्याचा उद्योग तर मुळीच नको.

परत आला म्हणून परत तेच

उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक बायकांना बीव्ही पुन्हा होतो. म्हणजे तुमचं काही चुकलं असंच नाही. पण प्रत्येक वेळी तोच कोर्स घेत राहणं बरोबर नाही. मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने, हा पर्याय विचारा. तांबी बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर तेही सांगा. कंडोम नियमित वापरला तर फरक पडतो.

जोडीदाराचं काय, यावर मत बदलतंय. पूर्वी पुरुषाला औषध देऊन उपयोग नाही असं मानत. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पुरुष जोडीदाराला मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम ७ दिवस दिलं. १२ आठवड्यांत बीव्ही परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांऐवजी ३५ टक्के राहिलं. त्यामुळे वारंवार त्रास होत असेल तर नवऱ्याला सोबत न्या. मात्र बीव्ही झाला म्हणजे तो बाहेरख्याली, असा अर्थ काढू नका. एकमेकांशी एकनिष्ठ जोडप्यांतही हा होतो.

गरोदरपणात 'औषध बाळाला लागेल' म्हणून त्रास अंगावर काढतात. बीव्हीचा अकाली प्रसूतीशी संबंध आढळला आहे, आणि मेट्रोनिडॅझोल गरोदरपणातही देतात. फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने.

खासगी तपासणी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. ताप, ओटीपोटात दुखणं किंवा संबंधांनंतर रक्त जाणं असेल तर त्याच दिवशी दाखवा; ही बीव्हीची लक्षणं नाहीत.