टोरंटचा वेग मुद्दाम दाबला जातोय का? घरच्या घरी असं तपासा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या शाळेचे जुने कॉम्प्युटर लुबुंटू ही मोफत, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालते करायचे होते. फाइल साधारण ३ जीबीची. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि टोरंट तुटला तिथूनच पुढे सुरू होतो, म्हणून टोरंट लावला. यात फाइल एकाच सर्व्हरवरून नाही, ती आधी घेतलेल्या अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्याने येते आणि आपणही ती पुढे वाटतो. पहिलं अर्धं मिनिट सेकंदाला ३ एमबी, मग एकदम ६० केबी. त्याच लाइनवर शेजारच्या खोलीत यूट्यूब मात्र एकदाही अडकलं नाही. नेट देणाऱ्यांना फोन केला, तर उत्तर आलं, "टोरंट म्हणजे चोरीचं काम, त्याला स्पीड मिळत नाही." हे मला फार लागलं. उबंटू, डेबियन, लिबरऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर देणारी मंडळी आपल्या अधिकृत साइटवरूनच टोरंट देतात. पण नुसतं भांडून काही हाती लागत नाही, वहीत आकडे हवेत.

आधी एकक समजून घ्या. प्लॅन ४० एमबीपीएसचा म्हणजे मेगाबिट, टोरंटचं सॉफ्टवेअर दाखवतं ते मेगाबाइट. आठाने भागा. ४० च्या लाइनवर ५ एमबी ही कमाल मर्यादा, साडेचार आले तरी लाइन चोख आहे. महिन्याचा डेटा कोटा संपला असेल तर सगळाच वेग उतरतो, तेही ॲपमध्ये बघून घ्या.

मग वायफाय बंद करा आणि लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंती वायफाय गिळून टाकतात. राउटर माजघरात आणि लॅपटॉप पडवीत ठेवून केलेल्या मोजणीला काही अर्थ नाही.

आता खरी चाचणी. क्यूबिटटोरंट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि उबंटूच्या ताज्या आवृत्तीची फाइल निवडा. ती मोठी असते आणि वाटणारेही भरपूर असतात, त्यामुळे "समोरून देणारंच कोणी नाही" ही सबब उरत नाही. अपलोडला मर्यादा घाला, तुमच्या अपलोड वेगाच्या पाऊण इतकी. अपलोड तुडुंब भरला की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि दोष भलत्यावर जातो. तीच फाइल आधी ब्राउझरमधून थेट ५ मिनिटं उतरवा, वेग लिहा, थांबवा. मग टोरंटने १० मिनिटं, दर मिनिटाचा आकडा लिहून. अशा तीन फेऱ्या आलटून पालटून करा. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला.

वेळ बदलून मोजायचं कारण असं की लाइनवरची गर्दी आणि मुद्दाम लावलेला लगाम वरवर सारखेच दिसतात. गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गावात आले की संध्याकाळी सगळंच रांगतं. ती गर्दी. तेव्हा मोजूच नका. पहाटे पाचला वाडी झोपलेली असताना थेट डाउनलोड ४.५ एमबी आणि टोरंट ६० केबी असेल, तर तिथे गर्दी नाही. माझ्या वहीत सलग चार पहाटे हेच आकडे आहेत.

तरी लगेच आरोप करू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने तुमच्या राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग बाहेरून तुमच्याकडे कोणी जोडणी करू शकत नाही. क्यूबिटटोरंटच्या तळाशी पिवळी ज्योत दिसेल. याने वेग थोडा घटतो, पण उबंटूसारख्या फाइलवर ६० केबीपर्यंत खाली येत नाही.

पुढे एकेक गोष्ट बदला, दोन एकदम नको. आधी पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या क्रमांकाच्या दारातून जोडणी करतं तो. जुने ठरलेले पोर्ट ६८८१ ते ६८८९, ते सोडून ५०,००० च्या वरचा कुठलाही घ्या. नंतर सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन (डेटा गुप्त लिपीत पाठवणं) सक्तीचं करा. नेटवरून डेटा छोट्या पाकिटांतून जातो. साध्या जोडणीत पहिल्याच पाकिटात "बिटटोरंट प्रोटोकॉल" हे शब्द उघडे लिहिलेले असतात. पाकिटं उघडून बघणाऱ्या यंत्राला तेवढं पुरतं. एन्क्रिप्शनने वेग परतला, तर तुमची पाकिटं वाचली जात होती असाच त्याचा अर्थ. माझा परतला नाही, कारण काही यंत्रं जोडण्यांच्या ठेवणीवरूनही ओळखतात. शेवटी व्हीपीएन लावला, म्हणजे सगळा व्यवहार गुप्त करून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, आणि ४ एमबी आले. व्हीपीएनने वेग सहसा घटतो. इथे तो वाढला, आणि हाच माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरला. व्हीपीएन मात्र विश्वासाचाच घ्या, तुमचा सगळा व्यवहार त्याच्या हातून जातो.

हे प्रकार खरोखर होतात. अमेरिकेत २००७ मध्ये रॉब टोपोल्स्की या नेटवर्क जाणकाराने कॉमकास्ट ही नेट देणारी कंपनी काय करते ते उघडकीस आणलं. ती टोरंट वापरणाऱ्या दोघांच्या जोडणीत बनावट रीसेट (जोडणी तोडा असं सांगणारी) पाकिटं घुसवत होती. दोघं फोनवर बोलत असताना तिसऱ्याने आवाज काढून "ठेवतो" म्हणावं, तसं. २००८ मध्ये तिथल्या नियामकाने ते बंद करण्याचा आदेश दिला, पण २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याच्या, शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या. मजकूर पाहून तो अडवणं किंवा त्याचा वेग घटवणं त्यात बसत नाही. वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाला मुभा आहे, तसंच न्यायालयाच्या वा सरकारच्या आदेशाने एखादी साइट बंद होऊ शकते. म्हणून टोरंटची एखादी साइटच उघडत नसेल तर तो विषय वेगळा, त्याची या तक्रारीत सरमिसळ करू नका.

तक्रार लेखी करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. तारीख, वेळ, थेट डाउनलोडचा आकडा, टोरंटचा आकडा, व्हीपीएनचा आकडा, एवढं एका पानात. "नेट स्लो आहे" असं लिहिलंत तर राउटर बंद-चालू करायला सांगतील. त्याऐवजी थेट विचारा: माझ्या लाइनवर पी-टू-पी (टोरंटसारख्या, वापरणाऱ्यांमधल्या थेट) ट्रॅफिकला वेगळा नियम लावला आहे का, लेखी कळवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत. मला लेखी उत्तर आलंच नाही, पण नवव्या दिवशी व्हीपीएनशिवाय ४.३ एमबी आले. तोही आकडा तारखेसह लिहून ठेवलाय. उबंटूची ती फाइल मी अजून वाटायला चालू ठेवली आहे.