प्रोस्टेटचा रुग्ण बदललाय : खान्देशात सर्जरी शिकायला येणाऱ्यांसाठी

धुळे-जळगावकडे सर्जरीच्या रेसिडेन्सीला येणाऱ्या पोरापोरींना मी आधी हेच सांगतो की, वाढलेल्या प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या गाठीचा, पुस्तकातला रुग्ण आता क्वचितच भेटतो. साठीचा, रात्री तीन-चारदा उठणारा, बाकी ठणठणीत. आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्ड अशाच माणसांनी भरलेला असायचा, कारण चाकूखेरीज फारसा इलाजच नव्हता. गाठ आकसवणाऱ्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली, लघवीची वाट सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनला १९९७ साली. पुढे या गोळ्या तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोचल्या आणि अनेकांचं ऑपरेशन टळलं. ज्यांचं टळलं नाही, त्यांचं लांबलं. आज टेबलावर येतो तो बहुतेक वेळा पंचाहत्तरीचा. गाठ मोठी, मूत्राशय थकलेलं, शुगर-बीपी जोडीला आणि कित्येकदा हृदयात स्टेंट.

म्हणून सोनोग्राफीआधी गोळ्यांची पिशवी मागा. ‘आबा, काय काय घेता ते दाखवा.’ रावेर-यावलकडचे शेतकरी सगळ्या पट्ट्या एकाच कॅरीबॅगमध्ये आणतात. मेडिकलवाल्याने पाच-पाच गोळ्या कापून दिलेल्या, नावाची बाजू नेमकी गेलेली. कंटाळू नका. मुलाला फोन लावून जुन्या चिठ्ठीचा फोटो मागवा. फिनास्टेराइड किंवा त्याच जातीचं ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर चालू असेल तर पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायची रक्ततपासणी) साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्टात ३ दिसला तरी तो ६ धरून विचार करायचा. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नका. आणि टॅमसुलोसिन घेणारे आबा मोतीबिंदूच्या शिबिराला निघाले असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्या. या गोळीने बुबुळ सैल पडतं, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि आधी चार दिवस गोळी थांबवून तो धोका जात नाही.

पण याच ओपीडीत दुसरा माणूसही येतो, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून. त्याने एकही गोळी घेतलेली नसते. ‘लघवी होते का?’ विचारलं तर ‘होते’ म्हणतो, आणि ते खरंही असतं, थेंब थेंब गळत असते. धोतर ओलं असतं. पोटावर हात ठेवा. बेंबीपर्यंत घट्ट, न दुखणारा फुगा लागला की समजा, हे महिनोन् महिने तुंबलंय. कॅथेटर (लघवीची नळी) घाला, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) पाठवा, किडन्या फुगल्यात का बघा. कॅथेटर घातला की काम संपलं असं समजू नका: ताशी २०० मिलीच्या वर लघवी पडत राहिली तर क्षार आणि पाणी दोन्ही निसटतात, रात्रभर मोजत बसावं लागतं. मोफत उपचारांची सरकारी राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात धुळे होता. खर्चाच्या धास्तीने घरीच सोसणारी माणसं त्यानंतर ओपीडीत जास्त दिसू लागली, असा माझा अनुभव आहे.

लक्षणांची सात प्रश्नांची प्रश्नावली असते, गुण ० ते ३५. कागद हातात देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून विचारा. ‘रातले चार-पाच डाव उठनं पडस’ हे उत्तर तुम्हाला अहिराणीतच मिळणार आहे. लघवीच्या धारेची तपासणी करताना किमान १५० मिली लघवी झाली नसेल तर आलेखावर विसंबू नका, पाणी पाजून पुन्हा करा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नातेवाइकांना द्या. वर्षानुवर्षं ताणलेलं मूत्राशय गाठ काढली म्हणून लगेच जोर धरत नाही. काहींना ऑपरेशननंतरही काही आठवडे नळी ठेवावी लागते, थोड्यांना कायम. हे ऑपरेशनआधी, मुलगा आणि आजी दोघांसमोर, साध्या मराठीत सांगा आणि संमतीपत्रावर त्याच शब्दांत लिहा. मुलाला ते मोठ्याने वाचायला लावा, मग सही घ्या.