सुरक्षित कोड आणि भाषेची निवड: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात सायबर सिक्युरिटीकडे वळू पाहणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात सुरक्षित भाषा कुठली? मुलाखतीत ‘रस्ट’ एवढंच उत्तर दिलं, की पुढच्याच प्रश्नाला गाडी अडते. त्यापेक्षा प्रत्येक भाषेबद्दल हे विचारा: ही कुठल्या चुका होऊच देत नाही आणि कुठल्या माझ्या गळ्यात टाकते?

सुरुवात सीपासूनच करावी. इंजिनिअरिंगला ती सगळ्यांनी केलेली असते, पण परीक्षेपुरती. लांबी न बघता इनपुट घेणारं ‘गेट्स’ हे फंक्शन सीच्या २०११ च्या स्टँडर्डमधून काढून टाकलं, तरी जुन्या जर्नलांत ते अजून सापडतं. हा प्रयोग करून बघा. फंक्शनमध्ये ८ बाइट्सचा कॅरॅक्टर अ‍ॅरे घ्या आणि कमांड लाइनवरून आलेलं नाव स्ट्रकॉपीने त्यात भरा. ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत ११ अक्षरांचं होतं. शेवटचा शून्य बाइट धरून १२ झाले, म्हणजे ४ बाइट्स शेजारच्या जागेत गेले. हा प्रोग्राम कधी निमूट चालतो, कधी ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ म्हणून आपटतो. ते कंपायलर आणि त्याच्या सेटिंगवर ठरतं. निमूट चालणं जास्त वाईट.

आता तोच कोड जीसीसी कंपायलरमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) आणि डिबगची माहिती, दोन्ही पर्याय देऊन कंपाइल करा. चुकीची ओळ नंबरासकट समोर येते. डिबगचा पर्याय विसरलात तर ओळ कळत नाही आणि मुलं टूललाच नावं ठेवतात. सॅनिटायझरने प्रोग्राम साधारण दुप्पट मंदावतो, म्हणून तो टेस्टिंगपुरताच.

‘मग ठरावीक बाइट्सपर्यंतच कॉपी करणारं स्ट्रएनकॉपी वापरू’ हा पुढचा सापळा. ८ बाइट्स भरले की ते शेवटी शून्य बाइट टाकतच नाही आणि छापताना शेजारची मेमरी बाहेर येते. हद्दीत राहून शून्य बाइट टाकणारं एसएनप्रिंटएफ बरं, पण देवनागरीत तिथेही गंमत आहे. हेच नाव यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) ३० बाइट्स घेतं, त्यामुळे ८ च्या अ‍ॅरेत तिसरं चिन्ह मधोमध कापलं जातं. अक्षरं मोजून बफर ठरवायचा नाही, बाइट्स मोजायचे.

२०१४ चं ‘हार्टब्लीड’ हे भगदाड याच जातीचं. इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायची आणि एका विनंतीत ६४ केबीपर्यंत मेमरी देऊन बसायची. पायथन, जावा, गो, रस्ट या भाषा अ‍ॅरेची हद्द स्वतः तपासतात, म्हणून ही चूक तिथे सहसा एररवर थांबते. रस्टमध्ये ‘अनसेफ’ ब्लॉक (कंपायलरला तपासता न येणाऱ्या कोडसाठीचा) लिहिलात तर जबाबदारी परत तुमची. आणखी एक: रस्टमध्ये पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर डिबग बिल्ड थांबतं, रिलीज बिल्ड मात्र सेटिंग बदललं नसेल तर आकडा गुंडाळून, म्हणजे कमाल मर्यादेनंतर पुन्हा किमानापासून मोजत, पुढे जातं. पैशाच्या हिशोबात तिथे ‘चेक्ड अ‍ॅड’ लागतं, जावात ‘अ‍ॅड एक्झॅक्ट’.

मेमरी सांभाळली म्हणजे झालं असं नाही. २०२१ चं ‘लॉगफोरशेल’ हे भगदाड शुद्ध जावातलं, लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतलं. लॉगमध्ये आलेला मजकूर नुसता लिहून ठेवण्याऐवजी लायब्ररी त्यातला पत्ता वाचून बाहेरून कोड ओढून आणायची. हद्द तपासणारी भाषा इथे काय करणार?

पायथनवाल्यांनी डेटाबेसच्या क्वेरीकडे बघावं. एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात थेट व्हेरिएबल घालण्याची सोय) नाव घालून एसक्यूएल बनवली, की नावातलं एक एकेरी अवतरणचिन्ह क्वेरीचा अर्थ बदलू शकतं. उपाय सगळ्यांना पाठ असतो: नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि किंमत (व्हॅल्यू) वेगळी द्या. पण एसक्यूलाइटला ती ट्यूपलमध्ये लागते, आणि एकाच किमतीच्या ट्यूपलमध्ये शेवटचा स्वल्पविराम घालायचा विसरतो. मग ‘एक हवं होतं, दहा दिलीत’ अशी एरर येते, कारण ‘ज्ञानेश्वर’मधली दहाही चिन्हं वेगवेगळ्या किमती मानली जातात. वैतागून मुलं एफ-स्ट्रिंगवर परततात. स्वल्पविराम घाला, काम झालं. बाहेरून आलेली पिकल फाइलही (पायथनमधला डेटा साठवणारी) उघडू नका; ती उघडतानाच कोड चालू शकतो.

पीएचपीत दोन बरोबरच्या चिन्हांनी हॅश (मूळ पासवर्डऐवजी साठवलेला, त्यावरून काढलेला मजकूर) ताडू नका. ‘शून्य-ई’ने सुरू होणारे आणि पुढे फक्त आकडे असलेले दोन वेगळे हॅश तिथे शून्य हा आकडा म्हणून वाचले जातात आणि सारखे ठरतात. पासवर्डसाठी ‘पासवर्ड व्हेरिफाय’ आहेच.

नोकरीच्या दृष्टीने, चाकण-पिंपरीकडच्या वाहन उद्योगात सी लागतेच, आणि सोबत मिस्रा सी या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीचे नियम. त्यात मॅलॉक-फ्री (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणं आणि सोडणं) वापरण्यावरच बंदी आहे; का, ते सांगता आलं पाहिजे. हिंजवडी-खराडीकडे जायचं असेल तर जावा, पायथन, जावास्क्रिप्टमध्ये वरच्यासारख्या चुका ओळखता याव्यात. आमच्या मते पहिल्या सहा महिन्यांत रस्टच्या मागे लागू नये. सीमध्ये हात पोळल्याशिवाय रस्टचा कंपायलर का अडून बसतो, तेच कळत नाही.

अधिकार तपासायचा राहिला, तर कुठलीच भाषा वाचवत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन टेस्ट खाती काढा, पहिल्याने लॉगिन करा आणि यूआरएलमधला नंबर दुसऱ्याचा टाका. दुसऱ्याचं पान उघडलं तर रेकॉर्डच्या मालकाची तपासणी सर्व्हरवर, क्वेरीतच घाला. बटण लपवून भागत नाही.