उपनगराची भूगोल व लोकसंख्या नोंद कशी तयार करावी : खडकवासल्याच्या उदाहरणासह

सोसायटीची स्मरणिका, शाळेचा प्रकल्प किंवा वाढीव पाण्यासाठीचा अर्ज लिहिताना वस्तीची माहिती द्यावी लागते आणि बहुतेक जण प्रथम लोकसंख्येचा आकडा शोधू लागतात. वास्तविक आधी सीमा निश्चित करावी आणि मगच त्या सीमेतील माणसे मोजावीत, कारण एकाच नावाची अनेक क्षेत्रे असू शकतात. पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठेच्या काठी असलेले खडकवासला हे हवेली तालुक्यातील गाव आहे, तेच नाव धरणालाही आहे आणि विधानसभा मतदारसंघालाही. मतदारसंघात शहराचे दाट वस्तीचे भाग येत असल्यामुळे त्याचा आकडा गावाच्या नावापुढे लिहिला तर गाव कागदावरच अनेक पटींनी फुगते. शिवाय मतदार यादीत १८ वर्षांखालील कोणीही नसते.

सीमेसाठी भूमी अभिलेख विभागाचा गाव नकाशा पाहावा आणि शीव कोणकोणत्या गावांना लागते ते लिहून घ्यावे. त्यानंतर प्रशासन केव्हा बदलले ते नोंदवावे. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत खडकवासला, किरकटवाडी आणि नांदेड ही गावे होती. म्हणून २०११ च्या जनगणनेतील पुणे महापालिकेच्या आकड्यात ती सापडत नाहीत, स्वतंत्र शोधावी लागतात. फुरसुंगीची कथा याहून गुंतागुंतीची आहे: ते गाव २०१७ मध्ये महापालिकेत आले आणि पुढे उरुळी देवाचीसह वेगळ्या नगरपरिषदेत गेले.

भूगोल लिहिताना विशेषणे कमी आणि दिशा, उंची, पाणी ही माहिती अधिक असावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषांमधील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचा फरक साधारणतः २० मीटर असतो, त्यावरून उतार समजतो. (उपनगरात रेल्वे स्थानक असेल तर पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.) खडकवासल्याच्या बाबतीत पाण्याची साखळी सांगितल्याशिवाय काहीच स्पष्ट होत नाही. आंबी नदीवरील पानशेत, मोसीवरील वरसगाव आणि मुठेवरील टेमघर या धरणांचे पाणी येथे येते. खडकवासल्याचा स्वतःचा उपयुक्त साठा मात्र जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यामुळे जोराच्या पावसात येथून विसर्ग लवकर सुरू होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर हे धरणही टिकले नाही आणि पुण्यात महापूर आला. नदीकाठच्या वस्तीच्या नोंदीत पूररेषेचा (पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या रेषेचा) उल्लेख असायलाच हवा तो यासाठी.

लोकसंख्येसाठी जिल्हा जनगणना पुस्तिका आणि प्राथमिक जनगणना गोषवारा हे मूळ आधार आहेत. आकड्यासोबत संदर्भ तारीख लिहावी; २०११ च्या जनगणनेची ती १ मार्च २०११ आहे. साक्षरतेचे प्रमाण काढताना शून्य ते सहा वयोगटातील बालके वगळून सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येने भागावे. येथे चूक हमखास होते.

घनतेबाबत अधिक सावध राहावे. गावाच्या एकूण क्षेत्रात जलाशय, वनजमीन किंवा संरक्षण खात्याची जमीन धरलेली असेल, तर भागाकार बरोबर येऊनही गल्लीतील गर्दी त्यात दिसत नाही. अशा वेळी एकूण क्षेत्राची आणि वस्तीच्या क्षेत्राची घनता वेगवेगळी द्यावी. स्त्री-पुरुष प्रमाणाचेही तसेच आहे. खडकवासल्याच्या परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तेथे मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. म्हणजे २०११ मध्ये तेथील छात्र केवळ मुलगे होते. लष्करी क्षेत्रांची गणना स्वतंत्र विशेष विभाग करून होते, म्हणून असा परिसर आपल्या आकड्यात धरलेला आहे की नाही, हे तपासल्याखेरीज प्रमाणावरून निष्कर्ष काढू नये.

आजचा आकडा हवाच असेल, तर राहत्या घरांच्या संख्येला एका कुटुंबातील सरासरी माणसांच्या संख्येने गुणावे, कुलूपबंद सदनिका वगळाव्यात आणि उत्तरापुढे ‘अंदाज’ हा शब्द ठळक लिहावा. महाराष्ट्रासाठी पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. तिचे गाव किंवा प्रभागनिहाय आकडे प्रसिद्ध झाल्यावर तुलनेपूर्वी जुन्या गावाची शीव आणि नव्या प्रभागाची हद्द एकाच नकाशावर काढून पाहावी.