पावसाळी सल्ला: परड्यातील भाजी आणि तिच्यासारखी दिसणारी रानरोपे

मृगाचा पाऊस झाल्यावर कणकुंबी-जांबोटीपासून बेळगावच्या पश्चिम शिवारापर्यंत परड्यात आणि बांधावर, लावलेल्या भाजीबरोबर न लावलेली रोपेही जोमाने वाढतात. त्यांपैकी काही हुबेहूब भाजीसारखी दिसत असली तरी खाण्यास घातक असतात, म्हणून खुडण्यापूर्वी पुढील फरक पाहावेत.

टाकळा खुडताना सर्वाधिक काळजी घ्यावी. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, बहुधा तीनच जोड्या असतात व पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्याच्या, म्हणजे काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात त्या झुडपाच्या, पानात चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकाकडे निमुळत्या होतात. दोघांनाही उग्र वास येतो आणि फुलेही पिवळीच, त्यामुळे वास किंवा फूल यांवर विसंबू नये. शेंगांवरून मात्र ओळख पटते: टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकलेली, तर कासविंद्याची चपटी व फिकट कडांची असते. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगा खाल्लेल्या लहान मुलांचे यकृत, स्नायू व मेंदू यांना इजा होऊन मृत्यू झाल्याचे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. अडचण अशी की भाजी कोवळी असतानाच खुडली जाते आणि तेव्हा शेंग नसते. म्हणून गेल्या हंगामात शेंगा पाहून खात्री केलेल्या जागेवरूनच खुडणी करावी, आणि घराजवळचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच उपटावा.

वडीच्या अळूचा देठ पानाच्या खाचेशी न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो आणि पान खाली झुकते. कासाळूचा देठ बहुधा खाचेपाशीच जुळतो व पानाचे टोक वर राहते. असे पान घेऊ नये. ओढ्याकाठचा रानअळू जातीने अळूच असला तरी त्याची खाज अधिक असते, आणि चिंच किंवा आमसूल घालूनही तो पुरेसा शिजवल्याशिवाय खाऊ नये.

रताळ्याच्या वरंब्यालगतच्या बांधावर कळलावी हा विषारी वेल असल्यास तो पावसाळ्यातच खूण करून ठेवावी, कारण पुढे कळलावीचा वेल वाळतो आणि काढणीच्या वेळी तिचा कंद रताळ्यांत मिसळू शकतो. तिच्या पानाचे टोक वेलाच्या आधार धरणाऱ्या तणाव्यासारखे वळलेले असते; कंद बहुधा दोन फाट्यांचा असतो. ताजे रताळे कापल्यास पांढरा चीक येतो. कळलावीचे विष शिजवूनही जात नाही.

कांद्यासारखा दिसणारा पण विषारी असा जो कोळकांदा, त्याला कांद्याचा वास नसतो, एवढी खूण पुरे. आपोआप उगवलेल्या वेलाचा दोडका किंवा दुधी कडू लागल्यास लगेच थुंकून टाकून द्यावा.

जनावर खाते म्हणून माणसालाही चालते, हा समज चुकीचा आहे. शंकास्पद भाजी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब किंवा गुंगी आल्यास घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकावर संपर्क साधावा आणि उरलेली भाजी अथवा रोप मुळासकट पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावे.