होळीच्या आत उरकायची थंडाव्याची तयारी

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात जवळजवळ प्रत्येक भावकीत कुणी ना कुणी परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्टीवर असतं. आम्हीही सोळा वर्षं बिकानेरला काढली. सासूबाईंना एकटीनं राहणं जमेना, तेव्हा गावी परतलो. तिकडं मे महिन्यात पारा सहज ४५ च्या वर जातो; जोधपूरकडच्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदले गेले. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एकामागून एक एसी बंद पडत होते. मिस्त्री खोलून दाखवायचा, तर बहुतेकांच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीत आंधीची वाळू गच्च भरलेली. तेव्हापासून होळीच्या आत मशीन धुऊन घ्यायचं हा आमच्या घरचा नेम आहे, आणि तो मी विट्यातही सोडलेला नाही.

इकडं वाळू नाही, पण टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून ऊस वाढलाय. तोड झाली की पाचट पेटवतात आणि काळी राख गच्चीभर उतरते. यंत्रमागाच्या आसपास राहणाऱ्यांच्या जाळीवर सुताचा भुगा बसतो. घरातली गरमी बाहेर टाकायचं काम त्या जाळीचं असतं. तीच तुंबली की कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढतं आणि खोली मात्र गार होत नाही. म्हणून आधी बाहेरचं युनिट. मेन स्विच बंद करून, पाठीमागच्या बाजूनं पाण्याची हलकी धार मारायची. मोटारी धुतात तसला जोराचा पंप जवळून मारला तर पत्र्याच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि हवा अडते. युनिटमागं पारव्याचं घरटं, आत पाली किंवा मुंगळे असतील तर तेही आत्ताच बघा. पाल सर्किटवर चिकटून बोर्ड जळालेला मी दोनदा पाहिलाय.

आतली जाळी तर आपली आपणच काढून नळाखाली धुवायची आणि सावलीत वाळवायची. हंगामात दर पंधरा दिवसांनी. ड्रेनच्या पाइपात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर सरळ पडतंय का पाहा. भर मेमध्ये भिंतीवरून पाणी ओघळायला लागतं, ते बहुतेक वेळा याच पाइपातल्या शेवाळामुळं.

आता गॅसचं बोलते, कारण इथं माणसं सगळ्यात जास्त नागवली जातात. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. विट्यात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीनं आमच्या एसीत तीनदा गॅस भरला, तिन्ही वेळा पैसे घेतले. चौथ्या वेळी दुसऱ्या पोरानं पितळी नटाभोवतीचा तेलाचा डाग दाखवला, साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले. जुना जोड कापून नवा केला, पंपानं नळीतली हवा ओढून घेतली आणि युनिटवरच्या चिठ्ठीत लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. तेव्हा कुणी ‘गॅस कमी आहे’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: गळती कुठंय ते दाखव. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो. काम चालू असताना जवळ बिडी, काडी काही नको.

वीज तपासायला वायरमन वेगळा बोलवा. दीड टनाचा एसी भर लोडवर साधारण दीड किलोवॅट ओढतो. त्याला बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि खरीखुरी अर्थिंग हवी. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो एक किलोवॅटच असेल तर आधी वाढवून घ्या.

नवा एसी घेणार असाल तर साध्या यंत्राची ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, हे दुकानात लक्षात ठेवा. वाळवंटासाठी ४६ अंशांवर मोजलेली यंत्रं मिळतात, बिकानेरला आम्ही तीच घेतली. विट्याला त्यांची गरज नाही, पण पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर बाहेरचं युनिट टांगू नका. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला सुरुवातीचं तापमान २४ अंश ठरवून दिलंय. ते २६ करून पंखा बारीक लावला तर झोप तितकीच लागते, आणि प्रत्येक अंशामागं सुमारे सहा टक्के वीज वाचते. सासूबाईंना २४ सोसत नाही, आमचं २७ वर असतं.

कूलरवर माझा जास्त जीव आहे. फाल्गुन ते वैशाख आपली हवा कोरडी असते, तेव्हा तो वाळवंटातल्यासारखाच काम करतो. मृगाचे ढग आले की नुसती चिकचिक. गवत दरवर्षी बदला, जमलं तर वाळा घाला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार जाळीवर साचून ती दगड होते, म्हणून टाकीतलं पाणी नुसतं भरत न बसता पूर्ण काढून टाकायचं. ते आठवड्यातून एकदा कराच, कारण डेंगीचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळं पाणी ओतल्यावर काथ्यानं घासायचं. पत्र्याचा कूलर असेल तर पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. लहान पोरांच्या घरी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, बसवा, त्यात काटकसर नको. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा, ओल बाहेर गेली नाही तर गारवा येत नाही.

गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. बिकानेरला हे प्रत्येक घरी करत. स्लॅबखालची खोली किती निवते ते पहिल्या रात्रीच कळतं.

पौषातल्या गारठ्याची तयारीही याच हिशेबात धरा. गरम-थंड एसी असेल तर दिवाळीनंतर एकदा उलट्या फेरीत, म्हणजे गरम हवेवर, चालवून बघा. हीटर एक्स्टेन्शनच्या वायरवर लावू नका. गलाईवाल्यांच्या घरी कोळसा असतोच आणि म्हाताऱ्या माणसांना शेगडीची सवय असते, पण दार-खिडकी लावलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपेतला माणूस झोपेतच जातो. सासूबाईंच्या खोलीत मी शेगडी नेऊच देत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवते.